गडद टेराकोटा रंग देताय? आधी या चुका टाळा

सांगलीच्या गावभागात माझ्या मावशीचं जुनं घर आहे. 2021च्या पुरात तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरलं, भिंती हाताला कोरड्या लागल्या, आणि दिवाळीच्या आत घर उजळावं म्हणून तिनं सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, गडद टेराकोटा दिला. रंग सुरेख आला. संक्रांतीपर्यंत मात्र खालच्या दोन फुटांत पांढरी पूड आणि पोपडे. फिकट भिंतीवर हा लोणा बरेच दिवस लपला असता. विटकरी रंगावर तो दारातूनच दिसतो.

तेव्हा सगळ्यांत महाग चूक हीच: ओल आत असताना रंग देणं. भिंत वरून सुकते, पण विटांमधलं पाणी महिनोन्‌महिने राहतं. ते बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार घेऊन येतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साचून तो उचलतात. म्हणून हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस-रात्र ठेवा. आतून दव धरलं तर पेंटरला थांबवा. नवा गिलावा असेल तर किमान 28 दिवस जाऊ द्या. लोणा ओल्या फडक्यानं पुसू नका, क्षार विरघळून परत भिंतीत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा. आणि आतल्या बाजूनं वॉटरप्रूफ रंग मारून ओल दाबू नका. ती तिथून निघाली नाही तर आणखी वर चढते.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘दोन हात झाले तरी ढग दिसतात.’ गडद शेडच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे रंगाची झाकण्याची ताकदही कमी. पांढऱ्या प्रायमरवर थेट जाऊ नका. प्रायमरमध्येच थोडी शेड मिसळून घ्या आणि तिसऱ्या हाताचा खर्च आधीच धरा. डबे एकदम घेऊन मोठ्या बादलीत एकत्र करा. नंतर आणलेल्या डब्याची शेड थोडी जरी वेगळी निघाली, तरी भिंतीच्या मधोमध पट्टा उठतो.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर तर मुळीच भरवसा नको. दोन फुटी पुठ्ठा रंगवा आणि सकाळी, दुपारी, दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग मातकट चॉकलेटी दिसतो. 2700 ते 3000 केल्विनच्या पिवळसर दिव्यात त्याची ऊब खुलते. बऱ्याचदा रंग बदलायची गरजच नसते, दिवा बदलला की काम होतं.

खडबडीत भिंतीला चकचकीत फिनिश देऊ नका, प्रत्येक उंचवटा उठून दिसेल. छताला बर्फासारख्या पांढऱ्याऐवजी साईचा रंग द्या. जमीन लाल कोब्याची असेल तर टेराकोटा एकाच भिंतीवर ठेवा.

मावशीनं पुढच्या उन्हाळ्यात खालचा तीन फूट गिलावा उतरवला, विटा पाऊस येईपर्यंत उघड्या ठेवल्या आणि मग ओल बाहेर सोडणारा चुन्याचा गिलावा केला. त्या पट्ट्यावर डब्यातला रंग नाही, चुन्यात कालवलेला गेरू आहे. गेरूतलं लोह चुन्यात बिघडत नाही. शेड वरच्यापेक्षा फिकट आली, पण गेल्या पावसाळ्यात तिथं पूड धरली नाही.