गावी जाण्याआधी लॅपटॉपवर काय काय उतरवून घ्यायचं

दिवाळीच्या सुट्टीत प्रोजेक्ट उरकू म्हणून जळगावच्या होस्टेलवरून रावेर, यावल, चोपडा, साक्रीकडे निघणाऱ्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींसाठी हे लिहितोय. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा कराराचा प्रोग्राम, लिहायला आणि तपासायला लागणारं जवळजवळ सगळं सामान आपल्याच लॅपटॉपवर चालतं. मळ्यातल्या घरी रेंज नसली तरी काम अडत नाही. फक्त ते नेट असतानाच उतरवून घेतलेलं हवं. मी एकदा सगळं इन्स्टॉल करून घरी गेलो, पहिलाच कंपाइल चालवला आणि तिथेच थांबलो. कॉन्ट्रॅक्ट बांधायचं-तपासायचं साधन हार्डहॅट घ्या की फाउंड्री, सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेचा कंपायलर ते पहिल्या कंपाइलच्या वेळी नेटवरून ओढतं, हे मला माहीतच नव्हतं. सुट्टीचे चार दिवस त्यात गेले.

म्हणून आधी साधन ठरवा, आणि एकच ठरवा. जावास्क्रिप्ट हातात बसलेली असेल तर हार्डहॅट घ्या. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला नोड.जेएस २२ किंवा त्यापुढचं लागतं, तेव्हा जुनं नोड असेल तर ते आधी बदला. माझं मत विचाराल तर नवशिक्यानं फाउंड्री घ्यावं, कारण त्यात चाचण्याही सॉलिडिटीतच लिहायच्या असतात. एका वेळी दोन भाषांशी झुंजावं लागत नाही. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवा आणि फाउंड्री त्याच्या आत टाका. रिमिक्स हे ऑनलाइन साधन पहिल्या दिवशी शिकायला उत्तम, पण ते ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे गावाकडे त्याच्या भरवशावर राहू नका. आणि सीनियरच्या जुन्या फाइलमध्ये ट्रफल किंवा गनाश दिसलं तर ते बाजूला ठेवा. ही दोन्ही साधनं बंद करत असल्याचं त्यांच्या कन्सेन्सिस कंपनीनं सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं आहे.

कंपायलरची आवृत्ती सेटिंगच्या फाइलमध्ये नेमकी लिहा. ‘अमुकच्या पुढचं कोणतंही’ असं मोघम ठेवू नका. ओपनझेपेलिन या तयार कॉन्ट्रॅक्टांच्या लायब्ररीच्या पाचव्या आवृत्तीतली कॉन्ट्रॅक्टं वापरणार असाल तर किमान ०.८.२० लागेल, काहींना त्यापुढचं. मग होस्टेलच्या वायफायवर लायब्ररी उतरवा, एकदा कंपाइल करा, एक चाचणी चालवा. आता वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा, कंपाइलमधून तयार झालेल्या फाइली पुसा आणि तेच सगळं पुन्हा चालवा. या यादीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. इथे काही अडलं तर अजून तुम्ही जळगावात आहात.

स्थानिक चेन, म्हणजे लॅपटॉपवरच चालणारी सरावाची ब्लॉकचेन, चालते का तेही तेव्हाच बघा. फाउंड्रीची अ‍ॅन्व्हिल दहा खाती देते, हार्डहॅटचं नोड वीस. प्रत्येकात १०,००० खोटे ईथर (इथेरियम ब्लॉकचेनचं चलन) असतात आणि दोन्ही ८५४५ या पोर्टवर बसतात. या खात्यांच्या खाजगी किल्ल्या, ज्यांनी खात्यातले पैसे हलवता येतात, साऱ्या जगाला ठाऊक आहेत. त्या पत्त्यावर खरा पैसा कधीही पाठवू नका.

आता चाचण्या. आपल्याकडचंच उदाहरण धरू: केळीचा व्यापारी आगाऊ रक्कम कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवतो, माल काट्यावर चढतो, वजन नोंदलं की शेतकऱ्याला पैसे मिळतात. सॉलिडिटीत दशांश अपूर्णांक चालत नाहीत, हे घरून निघतानाच डोक्यात पक्कं बसवा. समजा वजन भरलं १२३७ किलो आणि भाव १४५० रुपये क्विंटल. आधी १०० नं भागून क्विंटल काढले तर उरतात १२, आणि रक्कम येते १७,४०० रुपये. आधी गुणाकार करून मग भागलं तर येतात १७,९३६ रुपये. म्हणजे एका ओळीचा क्रम चुकला आणि शेतकऱ्याचे ५३६ रुपये गेले! हिशेब पैशांत ठेवला तर वरचे पन्नास पैसेही हाती लागतात. ०.८ आवृत्तीपासून बेरीज-गुणाकार मर्यादेबाहेर गेला तर व्यवहार आपोआप रद्द होतो. भागाकारातली बाकी मात्र आजही गुपचूप गळते. ही चाचणी वहीवर हातानं हिशेब करून लिहा, कॉन्ट्रॅक्टचंच सूत्र चाचणीत उतरवू नका.

त्यानंतर वाकड्या वाटा. वजन शून्य नोंदलं तर काय होतं, व्यापारी नसलेल्या माणसानं आगाऊ रक्कम परत मागितली तर, तीच पावती दोनदा चढवली तर. फाउंड्रीत प्रँक ही आज्ञा वापरून दुसऱ्याच्या खात्यातून कॉन्ट्रॅक्ट चालवून बघता येतं आणि वॉर्प वापरून घड्याळ सात दिवस पुढे नेता येतं, म्हणजे मुदत संपल्यावर आगाऊ रक्कम परत मिळते का हे बसल्या जागी कळतं. वजनाचा आकडा फझ चाचणीला, म्हणजे स्वतःच वाटेल ते आकडे टाकून बघणाऱ्या चाचणीला, सोपवा. फाउंड्रीतलं चाचण्या चालवणारं फोर्ज, वेगळं काही सांगितलं नाही तर, २५६ आकडे टाकून बघतं. आणि पैसे देण्याआधी शिल्लकीची नोंद कमी करता की नंतर, हे नीट तपासा. जून २०१६ मध्ये द डाओ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीच्या कॉन्ट्रॅक्टमधून सुमारे ३६ लाख ईथर गेले ते याच चुकीनं. आधी रक्कम दिली जायची, नोंद नंतर व्हायची, आणि घेणारा मधल्या फटीतून परत परत मागत राहिला. ब्लॉकचेनवर चढवलेलं कॉन्ट्रॅक्ट मागे घेऊन दुरुस्त करता येत नाही. तुम्ही घरी बसून लिहाल त्या चाचण्यांवर उद्या कुणाच्या तरी हंगामाचे पैसे उभे राहतील, या भावनेनं त्या लिहा. कॉन्ट्रॅक्टमधले दोष शोधणारं स्लिदरही उतरवून न्या. ते पायथॉनवर चालतं आणि हा नोंदीच्या क्रमाचा दोष बहुतेक वेळा बोट ठेवून दाखवतं.

टेस्टनेटवर, म्हणजे सरावाच्या सार्वजनिक ब्लॉकचेनवर, चढवायचं काम परत आल्यावर करा, पण त्यासाठीचे सेपोलिया या टेस्टनेटचे ईथर आतापासून जमवायला लागा. ते फुकट वाटणाऱ्या साइट, म्हणजे फॉसेट, बरेचसे दिवसाला थोडेच देतात. रॉप्स्टेन, रिंकबी, गोएर्ली या जुन्या टेस्टनेटची नावं कुठे वाचली तर सोडून द्या, ती बंद झाली. टेस्टनेटसाठी वॉलेटमध्ये (किल्ल्या सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये) वेगळं खातं काढा. त्याची किल्ली असलेली फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत (.gitignore) पहिल्याच दिवशी टाका, पहिल्या कमिटच्या आधी.

लाईट जाणारच. त्यामुळे तासाला एक कमिट करा. गिटला त्यासाठी नेट लागत नाही. सॉलिडिटीची कागदपत्रं पीडीएफ करून ठेवा.

आणि वही-पेन न्या. घरी गेल्यावर कटाईच्या दिवशी काट्याजवळ उभे राहा, वडिलांकडच्या जुन्या पावत्या काढून बघा. भाव कुठला धरला, दांड्याचं वजन वजा केलं का, हमालीचा रकाना कुणाच्या नावावर, पैसे किती दिवसांनी मिळाले, सगळं उतरवून घ्या. काट्यावरचं वजन कॉन्ट्रॅक्टला आपोआप कळत नाही. ते कोण नोंदणार आणि दुसरी बाजू त्याला हरकत कशी घेणार, हे वडिलांना आणि व्यापाऱ्याला, दोघांनाही विचारून या.