पुराच्या पाण्यातून आलेल्या मुलाची काळजी कशी घ्यावी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला, आणि पुढच्या काही आठवड्यांत लेप्टोनं, म्हणजे उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापानं, मुंबईला छळलं. पाणी ओसरलं की आपण आधी गाद्या वाळत घालतो. त्याआधी मुलाकडे बघा.

पहिल्या तासात मूल साबणानं आणि स्वच्छ पाण्यानं धुवा. बोटांच्या बेचक्या, टाचा, गुडघे उजेडात तपासा. खरचटलं असेल तर जखम वाहत्या पाण्यात धुवून झाका, आणि धनुर्वाताची लस कधी दिली होती ते लसीकरणाच्या कार्डावर पाहा.

७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात न्या आणि मूल तुंबलेल्या पाण्यातून चाललं हे स्वतःहून सांगा. लेप्टो टाळायची गोळी वय, वजन आणि जखम पाहून डॉक्टरच ठरवतात. मोठ्यांची डॉक्सिसायक्लिन अर्धी करून लहानग्याला देऊ नका; आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा वेगळं औषध देतात. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. तेव्हा ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं याला साधा फ्लू समजू नका. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, कारण डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढू शकतो.

जुलाब लागले तर सगळ्यात जास्त घोळ ओआरएसमध्ये होतो. एक लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाला. अंदाजानं थोडी पूड पेलाभर पाण्यात टाकली की मिश्रण एक तर खारट होतं, नाहीतर पुचाट. लहान पाकिटं २०० मिलीची असतात, म्हणून आधी पाकीट वाचा. दर जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्यानं पाजा. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांखाली १० मिग्रॅ, त्यावर २० मिग्रॅ रोज. अंगावरचं दूध बंद करू नका; निवारा केंद्रात बाटली नीट उकळता येत नाही, तिथे वरच्या दुधाची पावडर जास्त धोक्याची. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल आहे किंवा शौचात रक्त दिसतं, तर थेट रुग्णालय. १०८ ला फोन करा.

मन सावरायला वेळ लागतो. पुन्हा अंथरूण ओलं करणं, अंगठा चोखणं, पावसाचा आवाज आला की बिलगणं, हे पहिल्या काही आठवड्यांत होतंच. त्यावरून चारचौघांत चिडवू नका. ‘आता पाणी कधीच येणार नाही’ असं खोटं आश्वासन नको. ‘पाणी ओसरलंय, पुन्हा भरलं तर आपण वरच्या मजल्यावर एकत्र जाऊ’ हे त्याला पटतं. काय झालं ते खोदून विचारू नका, बोललं तर मध्ये न तोडता ऐका. टीव्हीवरचा पूर बंद ठेवा: लहान मुलांना प्रत्येक पुनःप्रक्षेपण नवा पूर वाटतो. जेवण आणि झोप ठरल्या वेळी असू द्या. मोठ्या मुलांना बाटल्या भरणं, भावंडं सांभाळणं असं हातात काम द्या, पण त्यांच्यावर घर टाकू नका.

महिन्याभरानंतरही झोप, खाणं, शाळा रुळावर येत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्या. निवारा केंद्रात एकटं मूल दिसलं तर त्याला घरी न नेता तिथल्या जबाबदार कर्मचाऱ्याला सांगा आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ फिरवा.