जुन्या वळणाचे ठसठशीत रंग घरात आणि कपड्यांत कसे वापरावेत

हळदी, विटकरी, मोरपंखी, शेवाळी, तपकिरी. साठ-सत्तरच्या दशकांतले हे रंग पुन्हा भिंतींवर आणि कपाटांत दिसू लागले आहेत. ते बिघडतात ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. सगळे रंग सारख्याच हिश्शाने वापरले जातात, नाहीतर छटा फार झगझगीत निवडली जाते. जुन्या वळणाच्या पिवळ्यात किंचित तपकिरी उतरलेली असते. सांगलीच्या बाजारातलं हळकुंड हातात घेऊन बघा, तो पिवळा बरोबर. विटकरी-नारिंगी हवा असेल तर मिरजेतल्या तंबोऱ्याच्या पॉलिश केलेल्या भोपळ्याचा रंग डोळ्यांसमोर ठेवा. शेडकार्डावर अशी छटा पहिल्या नजरेत जरा मळकट वाटते. भिंतीवर मात्र तीच शोभते.

हिश्शांचं गणित इरकलीत आयतं मिळतं. अंग गडद हिरवं किंवा काळं, काठ चार बोटांचे, पदर लाल आणि त्यात पांढरी नक्षी. लाल आणि हिरवा इतके विरुद्ध असूनही भांडत नाहीत, कारण एकाने जवळजवळ सगळी जागा घेतली आहे आणि दुसरा कडेला थांबला आहे. खोलीतही तसंच करा. दहात सहा वाटे शांत रंग, तीन वाटे ठसठशीत रंग आणि एक वाटा तिसरा रंग. चौथा रंग आणू नका.

फरशीपासून सुरुवात करा

खोलीतला सर्वात मोठा रंग फरशीचा असतो आणि तो सहज बदलत नाही. वाई-साताऱ्याकडच्या जुन्या घरांत लाल कोबा असेल तर भिंतीला विटकरी देऊ नका, खोली तापल्यासारखी दिसते. तिथे मोरपंखी किंवा पिस्ता घ्या. करड्या शहाबादीवर हळदी आणि तपकिरी छान बसतात. पांढऱ्या चकचकीत टाइल्सवर गडद रंग उपरे वाटतात, म्हणून त्याच रंगाची एखादी सतरंजी खाली अंथरा.

छटा ठरवण्याआधी नमुन्याचा छोटा डबा घेऊन दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा. पुठ्ठा त्याच भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. ट्यूबच्या खोक्यावर ६५०० के (केल्विन, प्रकाशाच्या रंगाचं माप) लिहिलेलं असेल तर तिच्या निळसर प्रकाशात हळदी हिरवट आणि तपकिरी मेलेला दिसतो. या रंगांना २७०० ते ३००० के चा पिवळसर दिवाच हवा. दिवा बदलायचा नसेल तर रंग बदला.

चार फुटी पट्टा

जुन्या घरांत, शाळांत, दवाखान्यांत भिंतीच्या खालच्या भागाला ऑइल पेंटचा गडद पट्टा असायचा. जुना ठसा आणायचा याहून सोपा आणि अस्सल मार्ग नाही. आजूबाजूच्या घरांत लोक एकच भिंत रंगवतात. आमच्या मते पट्टा तिच्यापेक्षा कितीतरी चांगला दिसतो.

आधी ओल तपासा. एक फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि चोवीस तास ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर रंगकाम थांबवा आणि ओलीचं मूळ शोधा. पाटण, महाबळेश्वरकडे दिवाळीनंतर काम काढलेलं बरं. तिकडे पट्ट्यालाही ऑइल पेंट नको. तो भिंतीतली ओल कोंडतो आणि वर्षभरात फुगे येऊन पोपडे निघतात. किंचित चमक असलेलं धुता येणारं इमल्शन घ्या. आटपाडी-जतच्या कोरड्या हवेत ऑइल पेंट टिकतो.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट. दाराचे तीन फूट वजा केले तर ४१ फूट, चार फूट उंचीने १६४ चौरस फूट. लांबी म्हणजे पुट्टी भरून घासलेल्या भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरमागे शंभर ते सव्वाशे चौरस फूट जातं. पण हळदी, नारिंगी आणि लाल रंग खालचं नीट झाकत नाहीत, त्यांना तिसरा हात लागतोच. म्हणून अडीच लिटर धरा. सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या आणि दोन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, नाहीतर कोपऱ्यात छटा बदललेली दिसते. हळदीखाली पांढरा प्रायमर द्या. लालखाली करडा दिला तर एक हात वाचतो.

रेघ जमिनीपासून मोजू नका. जुन्या घरांची जमीन क्वचितच समपातळीत असते. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही कोपऱ्यांत खूण करा, मग खडू लावलेला दोरा ताणून झटका द्या. आधी वरचा भाग मोतिया रंगाने पूर्ण करा, रेघेच्या थोडा खाली उतरून. एक दिवस वाळू द्या. मग मास्किंग टेप लावा आणि टेपच्या खालच्या कडेवर पुन्हा तोच मोतिया रंग पातळ फिरवा. टेपच्या फटीतून जो रंग आत जायचा तो मोतियाच जातो आणि वाळला की फट बुजते. त्यावर गडद रंगाचे हात द्या, दर दोन हातांमध्ये चार तास, पावसाळी हवेत जास्त. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर रंगाची पापडी सोबत निघते. सांध्यावर एक इंच तपकिरी रेघ मारली की काम खुलतं, पण तिच्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

तिसरा रंग उशांच्या अभ्र्यांत आणा. सोळा इंची उशीला १७ इंच रुंद आणि ४० इंच लांब पट्टी लागते. मागे कापड एकावर एक येतं, चेन लावावी लागत नाही. ३६ इंच पन्ह्यात दोन अभ्रे शेजारी शेजारी निघतात. सुती कापड आधी भिजवून वाळवा, मगच कापा. खणाचा पन्हा कमी असतो, दुकानातच मोजून घ्या. पश्चिमेच्या खिडकीला लाल किंवा राणी पडदा लावायचा तर मागे अस्तर हवं, उन्हाने याच छटा आधी उडतात.

कपड्यांत

इथेही तेच सहा-तीन-एक. शेवाळी कुर्ता, विटकरी ओढणी, हळदी कानातलं. तपकिरी पँट, हळदी शर्ट आणि मोरपंखी एखादीच वस्तू. राणी आणि मोरपंखी एकत्र घालायचे तर एक गडद आणि दुसरा फिका हवा. शंका असेल तर दोन्ही कपडे शेजारी ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर ते कपडे अंगावर डोळ्यांना टोचतील. एक बदला.

ब्लाउजचा पीस मॅचिंग सेंटरमध्ये ट्यूबखाली ठरवू नका, साडी घेऊन दुकानाच्या दारात उन्हात या. शिवायला टाकण्याआधी कापडाचा आणि अस्तराचाही रंग जातो का ते बघा. पांढरा ओला रुमाल आतल्या बाजूला दाबून घासा. रुमालाला रंग लागला तर कापड गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत, वेगळं धुवा. तरीही जातच राहिला तर त्या कापडाला पांढरं अस्तर लावू नका आणि फिक्या साडीवर ते घालू नका. घामाने काखेत आणि कमरेला डाग पडतात आणि ते मग निघत नाहीत.