सक्युलंट पावसाळ्यात का सडतात? या चुका टाळा

सक्युलंट म्हणजे जाड, रसाळ पानांत किंवा खोडात पाणी साठवणारी झाडं. त्यातलंच गुलाबाच्या फुलासारख्या पानांच्या घेराचं एचेव्हेरिया जानेवारीत नर्सरीतून आणतो तेव्हा कसं घट्ट, टवटवीत असतं. जुलै संपता संपता त्याच कुंडीत काळा पडलेला बोटभर देठ उरतो आणि भोवती पिवळी, पारदर्शक झालेली पानं गळून पडलेली असतात. ‘पाणी तर न चुकता घालत होतो,’ असं घरोघर ऐकू येतं. ते खरंही असतं. न चुकता पाणी घातल्यानेच ते गेलेलं असतं.

सल्ला थंड देशातला, कुंडी आपल्या गॅलरीतली

इंटरनेटवर वाचायला मिळतं की हिवाळ्यात पाणी तोडा, उन्हाळ्यात वाढवा आणि झाड दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. जिथे हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे हे बरोबर आहे. महाराष्ट्रात मात्र जवळजवळ सगळंच उलट करावं लागतं.

एचेव्हेरियाच्या बहुतेक जाती मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या. तिथे दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असतो. पाणी वाचवण्यासाठी ही झाडं पानांवरची छिद्रं दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. मुंबईत मे महिन्यात रात्रीचं तापमानही 27 अंशांच्या आसपास राहतं, हवा दमट असते. अशा रात्री झाडाचं काम मंदावतं, मुळं पाणी कमी ओढतात आणि कुंडीतली माती ओलीच राहते. पुढे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या ओल्या मातीत बुरशीचं फावतं.

म्हणून आपल्याकडे यांचा खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. पाणी, पातळ खत, कुंडी बदलणं, सगळं त्याच काळात. एप्रिल-मेमध्ये बेताचं पाणी द्यावं, तेही संध्याकाळी. पावसाळ्यात झाड छपराखाली हवं आणि पानं जरा मऊ पडल्याशिवाय पाणी नको. दोन-तीन आठवडे काही घातलं नाही तरी बिघडत नाही. गॅलरीत वारा खेळत नसेल तर दिवसातून काही तास पंखा लावा. कोंडलेल्या दमट हवेत पाणी न घालताही झाड सडू शकतं.

खिडकीचंही तसंच. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच सरकलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा थेट ऊन येतच नाही, हिवाळ्यात मात्र भरपूर येतं. वर्षभरासाठी पूर्वेची खिडकी सगळ्यात भरवशाची. पश्चिमेच्या खिडकीतलं एप्रिलचं ऊन पानं भाजून काढतं.

सुरकुतलेली पानं बघून पाणी घालणं

सगळ्यात जास्त झाडं या एका चुकीने जातात.

पानं सुरकुतली म्हणजे पानांपर्यंत पाणी पोचत नाहीये, एवढंच खरं. पण त्याची कारणं दोन असू शकतात. एक तर माती कोरडी आहे, किंवा माती ओली असूनही मुळं सडल्यामुळे ती पाणी ओढू शकत नाहीत. वरून दोन्ही झाडं सारखीच मलूल दिसतात. दुसऱ्या झाडाला पाणी घातलं की सड आणखी वर चढते, पानं आणखी सुरकुततात, मग आपण आणखी पाणी घालतो.

उदबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खोचा आणि दहा मिनिटांनी काढून बघा. काडी कोरडी निघाली आणि खालची पानं पातळ, कागदासारखी वाळलेली असतील तर झाड तहानलेलं आहे. भरपूर पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा भरतात. काडी ओली निघाली, किंवा पानं पिवळसर-पारदर्शक होऊन नुसत्या धक्क्याने गळत असतील, तर पाणी अजिबात नको. झाड उपटून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि घट्ट असतात; सडलेली काळी, लिबलिबीत असतात आणि ओढली की हातात येतात.

सड देठात शिरली असेल तर धारदार, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने वरचा शेंडा कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका किंवा कडं दिसेनासं होईपर्यंत वर वर कापत जायचं, इथे दयामाया नको. तो शेंडा सावलीत, हवेशीर जागी ठेवा. कोरड्या हवेत जखम चार-पाच दिवसांत सुकते, पावसाळ्यात जास्त दिवस लागतात. नंतर कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवून ठेवा आणि मुळं दिसू लागल्यावर पाणी सुरू करा.

तुळशीची माती सक्युलंटला घालणं

लाल माती आणि शेणखत तुळशीला, गुलाबाला चालतं. सक्युलंटला त्यात श्वास घेता येत नाही. एक भाग माती आणि दोन भाग खडे असं मिश्रण करा. खड्यांसाठी चाळून बारीक गाळ काढलेली जाड वाळू, विटेचे वाटाण्याएवढे तुकडे, पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे), काहीही चालेल. समुद्राची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असतं.

नवीन झाड बहुतेक वेळा निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यात येतं. तो भुसा ओला झाला की लवकर वाळत नाही, आणि पार वाळला की पाणी वरच्यावर निथळून जातं. मुळांभोवतीचं कोकोपीट हलक्या हाताने मोकळं करा. आत कधी कधी रोपाच्या वेळचं जाळीदार कापड सापडतं, तेही काढा. नव्या कुंडीत लावल्यावर चार-पाच दिवस पाणी नको, तुटलेली मुळं तेवढ्यात सुकतात.

भोक नसलेल्या कपात लावून तळाशी खड्यांचा थर घालणं ही पळवाट चालत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीला भोक हवंच. स्प्रेच्या बाटलीने रोज शिंपडणंही सोडा. त्याने खालची मुळं कोरडी राहतात आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचतं. पाणी घालाल तेव्हा ते भोकातून बाहेर येईपर्यंत घाला.

बाकीच्या भानगडी

झाड उंच, विरळ झालं तर प्रकाश कमी पडतोय. ताणलेला देठ पुन्हा आखूड होत नाही, शेंडा कापून नव्याने लावावा लागतो. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून आणलेलं झाड एकदम उन्हात ठेवलं तर त्याच्यावर तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. दहा-बारा दिवसांत हळूहळू सवय करा.

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड शोधा. कापसाच्या काडीवर सर्जिकल स्पिरिट घेऊन टिपा आणि आठवड्याने पुन्हा बघा. एचेव्हेरियाच्या पानांवरची पांढरी भुकटी मात्र कीड नव्हे, ती झाडाने स्वतःच तयार केलेली असते. पुसली तर त्या पानावर ती पुन्हा येत नाही.

रंग फासलेली सक्युलंट आणि डोक्यावर फूल चिकटवलेले कॅक्टस घेऊ नका. रंगामुळे पानांना प्रकाश मिळत नाही आणि ते फूल वाळवलेलं असतं, गोंदाने लावलेलं.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर एचेव्हेरियाचा हट्ट सोडलेला बरा. पुण्या-नाशकात ते जमतं, समुद्राकाठी फार जपावं लागतं. त्याऐवजी स्नेक प्लांट घ्या. थेट ऊन नसेल तर हॉवर्थिया घ्या आणि गच्ची उन्हाची असेल तर अडेनियम, मात्र पावसात त्यालाही आडोसा हवा. आपली कोरफड आणि पानफुटी तर आहेतच. नर्सरीत ‘जेड’ म्हणून मिळतं ते पुष्कळदा पोर्टुलाकेरिया असतं. लालसर खोडाचं, बारीक गोल पानांचं हे झाड खऱ्या जेडपेक्षा आपल्या उन्हाळ्यात जास्त तगतं. तेव्हा विक्रेत्याने दुसरंच झाड दिलं म्हणून ते परत करायला जाऊ नका.