भातात स्टार्च नाही म्हणे! अन्नघटकांच्या चाचण्यांतल्या या चुका टाळा

अकरावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीने भाताच्या पेजेपुढे लिहिलं होतं, ‘स्टार्च अनुपस्थित’. मी विचारलं, “अगं, मग भातात असतं तरी काय?” ती रडवेली झाली. “सर, आयोडीन टाकलं, पण रंगच आला नाही.” खरंच आला नव्हता. पेज दिव्यावरून उतरवल्या उतरवल्या तिने नळीत ओतली होती, वाफा निघत होत्या. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असते, तिच्या पोकळीत आयोडीन अडकलं की निळा-काळा रंग दिसतो. गरम द्रावणात ते तिथे टिकत नाही. नळी थंड पाण्यात धरली आणि बघता बघता निळी झाली. मार्क मी तिला दिले, कारण दिसलं ते तिने लिहिलं होतं. शेजारच्या चौघांच्या नळ्या तितक्याच गरम, तितक्याच पांढऱ्या, आणि जर्नलमध्ये मात्र ‘गडद निळा रंग’. त्यांचे कापले.

तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत आयोडीनची बाटली उघडायच्या आधी नळी हाताच्या पाठीला लावून बघायची. चटका लागला तर थांबायचं.

दुसरं दुखणं साखरेचं. घरून आणलेली साखर पाण्यात विरघळवायची, बेनेडिक्टचं द्रावण (शर्करा ओळखायचं निळं रसायन) घालायचं, उकळायचं आणि निळंच राहिलं की “सर, केमिकल खराब आहे.” केमिकल उत्तम आहे. आपली साखर म्हणजे सुक्रोज, ती क्षपणकारी शर्करा, म्हणजे बेनेडिक्टचा रंग बदलणारी शर्करा, नाही. तिला आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळून फोडावं लागतं. मग फेस यायचा थांबेपर्यंत चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घालायचा, कारण बेनेडिक्टला अल्कधर्मी द्रावण लागतं, आणि त्यानंतरच बेनेडिक्ट. सोड्याची पायरी गाळणारे दरवर्षी निम्मे असतात. ग्लुकोज, मध, दूध यांना ही कसरत लागत नाही.

बेनेडिक्टची नळी थेट ज्योतीवर धरू नका. उसळून निळा फवारा वर गेला की पुढचा तास फरशी पुसण्यात जातो. उकळत्या पाण्याच्या बीकरमध्ये ती पाच मिनिटं उभी ठेवा. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असे रंग पायऱ्यापायऱ्यांनी येतात. हिरव्यालाच घाईने ‘नाही’ म्हणू नका, शर्करा थोडी आहे एवढाच त्याचा अर्थ.

प्रथिनांसाठी डाळीचं पाणी आणा म्हटलं की निम्मी मुलं डब्यातलं वरण आणतात, हळद-हिंगासकट. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड पडलं की हळद लालभडक होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे घरात सगळ्यांना माहीत, प्रयोगशाळेत कुणालाच आठवत नाही. त्या लालीत बाययुरेटचा, म्हणजे प्रथिनांच्या चाचणीचा, जांभळा रंग शोधत बसणं व्यर्थ. कच्ची डाळ भिजवून वाटून गाळा, नाहीतर सरळ अंड्याचा पांढरा बलक पाण्यात फेटून घ्या.

याच चाचणीत मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण एक टक्क्याचंच असू द्या आणि थेंब मोजून घाला, दोन-तीन पुरे. ड्रॉपर दाबून धरणाऱ्यांना निळाच रंग दिसतो आणि जांभळा त्याखाली बुडतो. इथे तापवायचं नाही. बेनेडिक्टची सवय लागलेले हात दिव्याकडे जातातच.

शेंगदाण्याचा डाग कागदावर पडला की लगेच ‘मेद उपस्थित’ लिहू नका, पाण्याचाही डाग तसाच दिसतो. कागद वाळू द्या. वाळल्यावरही उजेडाकडे धरून डाग पारभासक दिसला तरच मेद.

एक नळी नुसत्या पाण्याची ठेवा. तुलनेशिवाय ‘फिकट’ आणि ‘गडद’ कशाच्या जोरावर लिहिता?

एका ड्रॉपरने सगळ्या बाटल्यांत डुबकी मारणाऱ्यांशी मी बोलत नाही, त्यांना बाटल्या धुवायला बसवतो.