नकाशातला हा रंग नेमका किती मीटरचा?

बीड जिल्ह्यातल्या एका गावात पाणलोटाचं काम चालू होतं. बालाघाटाच्या एका टेकाडाची उंची मी नकाशावरचा तपकिरी रंग लेजेंडच्या (रंगसूचीच्या) पट्टीशी डोळ्यानं जुळवून सांगितली, आणि ती साफ चुकली. उंचीच्या थराखाली डोंगरांच्या सावलीचा दुसरा थर होता, ब्लेंडिंग, म्हणजे दोन थरांचे रंग एकमेकांत मिसळायची पद्धत, ‘मल्टिप्लाय’वर होतं. त्या सावलीनं वरचा रंग गडद झाला होता. तेव्हापासून मी पडद्यावरच्या रंगाला विचारत नाही, तक्त्याला विचारतो.

रास्टर म्हणजे चौकोनांची जाळी. उंचीच्या रास्टरमध्ये प्रत्येक चौकोनात नुसता आकडा असतो. रंग येतो तो त्या थराच्या वेगळ्या रंगतक्त्यातून, म्हणजे कोणत्या आकड्याला कोणता रंग हे सांगणाऱ्या यादीतून.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी डाव्या यादीत तुमचा थर निवडा. मग ‘आयडेंटिफाय’ घेऊन हव्या त्या जागी क्लिक करा. बँड १ (रास्टरमधला आकड्यांचा पहिला संच) समोर दिसतो तो खरा आकडा; तो लिहून ठेवा. आता थरावर डबल क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘सिम्बॉलॉजी’ उघडा. प्रकार ‘पॅलेटेड’ असेल, उदाहरणार्थ जमीनवापराचा नकाशा, तर काम सोपं आहे: त्या आकड्याची ओळ बघा, शेजारीच रंग आहे.

‘सिंगलबँड स्यूडोकलर’ असेल तर इंटरपोलेशन, म्हणजे तक्त्यातल्या ओळींवरून रंग ठरवायची पद्धत, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका, सगळी गडबड इथंच होते. ‘डिस्क्रीट’मध्ये ओळीतला आकडा ही गटाची वरची मर्यादा असते, ३०० आणि ६०० अशा दोन ओळी असतील तर ४५० ला ६०० चा रंग मिळतो. ‘एक्झॅक्ट’मध्ये तंतोतंत तोच आकडा असेल तरच रंग, नाहीतर काहीच नाही. ‘लिनिअर’मध्ये दोन ओळींच्या मधला रंग हिशेबानं काढला जातो. समजा ३०० मीटरला लाल-हिरवा-निळा ०, १००, ० आहे आणि ६०० ला २००, १५०, ५०. ४५० बरोबर मध्यावर, म्हणून रंग १००, १२५, २५. हा रंग तक्त्यात कुठंच लिहिलेला नसतो. म्हणून तो शोधत बसू नका, असाच काढा.

असे पाच-पन्नास आकडे असतील तर हातानं करू नका. ग्रास जीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ‘आर डॉट व्हॉट डॉट कलर’ (r.what.color) हे मॉड्यूल नेमकं याच कामासाठी आहे. कन्सोलमध्ये त्याचं नाव इंग्रजी अक्षरांत टाकून एंटर दाबा, फॉर्म उघडतो. ‘इनपुट’मध्ये नकाशा, ‘व्हॅल्यू’मध्ये स्वल्पविराम देत आकडे. तक्ता वरच्यासारखाच असेल तर उत्तर येतं ते असं:

४५०: १००:१२५:२५

आकड्यापुढं रंगाऐवजी नुसती चांदणी (*) आली तर त्या आकड्याला तक्त्यात रंगच दिलेला नाही. मराठवाड्यासाठी दुसऱ्या भागाचा तयार तक्ता उचलला की असं होतं: तक्ता ५०० मीटरपासून सुरू होतो आणि नांदेडकडचा गोदावरीचा सखल पट्टा त्याच्या खालीच राहतो. अशा वेळी ‘आर डॉट इन्फो’नं नकाशातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा बघा, आणि ‘आर डॉट कलर्स’नं तक्ता तेवढा ताणून घ्या.