स्मार्ट फॅक्टरी करताय? आधी या चुका टाळा

ऑफिसच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला, त्यावर मशीनमधून आपोआप आलेले हिरवे-लाल आकडे फिरू लागले, की गोव्यातली वेर्णा वसाहत असो वा कुंडई, मालकाला वाटतं फॅक्टरी स्मार्ट झाली. काही महिन्यांनी त्या टीव्हीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दोष सॉफ्टवेअरचा क्वचितच असतो. आकडे खोटे आहेत हे ऑपरेटरला पहिल्या आठवड्यातच कळलेलं असतं, फक्त त्याला कोणी विचारलेलं नसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मशीन थांबण्याच्या कारणांत होतो. टॅबलेटवर चाळीस कारणांची इंग्रजी यादी, समोर कन्नड, हिंदी, कोंकणी, मराठी बोलणारी माणसं, आणि मागे सुपरवायझरची घाई. मग माणूस एकच बटण दाबतो: ‘इतर’. महिनाअखेरच्या अहवालात ‘इतर’ सर्वात वर दिसलं, तर ऑपरेटरवर डाफरू नका, यादी बदला. सहा-सात कारणं ठेवा, तीही शॉपफ्लोअरवर बोलतात त्या शब्दांत: माल नाही, डाय बदलतोय, लाईट गेली, क्यूसीची वाट. काही सेकंदांचे थांबे माणसाकडून लिहून घ्यायचेच नाहीत, ते पीएलसीवरून, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकावरून, आपोआप उचलावेत. आणि या नोंदींवरून एकदा जरी कुणाचा पगार कापलात, तर त्यानंतर खरी नोंद मिळणार नाही, हे माझं ठाम मत.

ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, हा लाडका आकडा. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५, गुणवत्ता ९९ असेल, तर गुणाकार जेमतेम ८४.६ टक्के येतो. तरी पहिल्याच महिन्यात ८५ दाखवायचा अट्टहास असतो. वेगाचा आकडा १०० च्या वर जाताना दिसला, तर मशीनचं कौतुक नको. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, सैल भरलाय, तो घड्याळ लावून पुन्हा मोजा.

सेन्सर ‘शून्य’ दाखवतोय? सेन्सरचं माप ४ ते २० मिलिअँपिअर करंटच्या रूपात पाठवणाऱ्या लूपमध्ये शून्य मापाला ४ मिलिअँपिअर यायला हवेत. ० ते १०० अंशांच्या तापमान सेन्सरची वायर तुटली, तर हिशेबाने उणे २५ अंश दिसतं. पण सॉफ्टवेअरवाल्याने ‘उणे दिसलं की शून्य दाखव’ असं करून ठेवलेलं असतं, मग तुटलेली वायर महिनोन्‌महिने थंड भट्टी म्हणून मिरवते. करंट ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला की अलार्म, हा साधा नियम घाला.

आता पावसाळा. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबरात, आणि किनाऱ्यालगत हवेत मीठही असतं. एसी लावलेल्या कंट्रोल पॅनेलचं दार उघडं टाकून पुढे पंखा ठेवण्याची सवय इथे सर्रास दिसते. बाहेरची दमट हवा आतल्या थंड इलेक्ट्रॉनिक कार्डावर दव धरते, आणि कनेक्टर हिरवे पडायला लागतात. केबल पॅनेलच्या वरून नको, खालून घ्या, केबल आत शिरते तिथली ग्लँड घट्ट ठेवा, आत हीटर बसवा. पावसातच नेटवर्क तुटत असेल, तर स्विच बदलण्याआधी अर्थिंग आणि बाहेरचे जॉइंट तपासा.

लाईट गेली की घड्याळंही बिघडतात. पीएलसीची बॅटरी संपलेली असेल, तर त्याची वेळ मागे जाते, मग बिघाड आधी आणि कारण नंतर असं उलटं चित्र दिसतं. सगळी यंत्रं एकाच टाइम सर्व्हरला बांधा.

औषध कारखान्यात तर एका पासवर्डवर अख्खी शिफ्ट चालणं म्हणजे ऑडिटला आमंत्रणच. कोणी, कधी, काय बदललं हे प्रत्येकाच्या स्वतःच्या लॉगिनवर दिसायलाच हवं.

जुन्या एचएमआयवर, म्हणजे मशीन चालवायच्या स्क्रीनच्या पीसीवर, अजून विंडोज ७ चालू असतं, ज्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले. तो पीसी लगेच बदलणं परवडत नसेल, तर निदान ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा आणि व्हेंडरचा पेनड्राइव्ह थेट लावू देऊ नका.

करार करताना पीएलसी प्रोग्रॅमची कॉपी आणि सगळा डेटा तुमच्या मालकीचा, हे लेखी घ्या. आणि नवी सिस्टिम चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर सुरू करू नका. निम्मी माणसं रजेवर असतात आणि फोन उचलायला व्हेंडरचाही माणूस नसतो.